रनवे बंद होता त्या दिवशी

तुमसर रोड स्टेशनावर मला सोडायला बाबा ड्युटीच्या कपड्यांतच आले होते. चिखल्याच्या मँगनीज खाणीतून पाळी करून थेट. घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि ते त्यांनी डब्यातल्या अनोळखी लोकांनाही ऐकवलं. "बी. कॉम. झाली पोरगी. विमानतळावर लागली." आईनं खिडकीची सळई धरली होती. ती एवढंच म्हणाली, "उपाशी नोको राहू वो बाई."

नोकरी राजस्थानात. रनवे हवाई दलाचा, आणि एका कडेला आमचं प्रवाशांचं छोटं टर्मिनल. लढाऊ विमानं उडत असली की आमचं विमान थांबतं. मग काउंटरवर लोकांच्या शिव्या खायच्या आणि हसून सांगायचं, "सर, रनवे अभी एअर फोर्स के पास है." आता मला स्वप्नंसुद्धा हिंदीत पडतात. 'का'ला 'काहून' म्हणावं तर समजणारं कोणी नाही.

बाबा रिटायर झाल्यावर एकदाच आले, माझ्या तिकिटावर, विमानानं. इथं उतरताना खिडक्यांची झाकणं लावावी लागतात, फोटो काढता येत नाही. बाहेर आले ते रागातच. "जन्मभर खाणीत उतरलो, तिथं अंधार. आता उजेडात चढलो तं ते विमानातली पोरगी म्हणते झाकण लावा काका!" मी हसले. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिल्यावर त्यांचा राग गेला.

मागच्या हिवाळ्यात एका पहाटे भावाचा फोन आला. बाबा झोपेतच गेले होते.

रनवे त्या दिवशी दुपारपर्यंत बंद असणार, ही सूचना मीच आदल्या दिवशी बोर्डावर लावली होती. ट्रेननं गेले तर आणखीच उशीर. विमान दुपारनंतर, मग दिल्लीत रात्र काढायची, सकाळी नागपूर, तिथून गाडी. कसंही केलं तरी दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत चिखला गाठणं नव्हतं. बाहेर फायटर एकामागून एक उठत होते, काचा थरथरत होत्या. मी बॅग घेऊन माझ्याच काउंटरसमोर, प्रवाशांच्या खुर्चीवर बसले होते.

भाऊ म्हणाला, "ताई, बर्फ आणला. उद्यापर्यंत ठेवतो."

आईनं त्याच्या हातून फोन घेतला. "तू आल्याबिगर मी उचलू देत नाही. तुह्या हातचं पाणी पडलं पाह्यजे त्याहीच्या तोंडात."

आमच्याकडे मयत घरात असेपर्यंत शेजारीपाजारी चूल पेटत नाही. खाणीच्या कॉलनीत घराला घर लागून आहे. बाबांसाठी सगळी लाईन उपाशी होती. फोनमध्ये मागून कोणाचं तरी लेकरू रडताना ऐकू येत होतं, आणि एक बाई त्याला दटावत होती, "चूप बस, काका घरी हायेत अजून."

काका घरी हायेत. ते ऐकलं आणि माझ्यानं राहवलं नाही.

"आई, न्या बाबांना."

"काय म्हटलं?"

"न्या म्हटलं. लेकरं भुकेली हायेत. दिवस मावळायच्या आत न्या."

"लय शिकली तू," ती म्हणाली आणि फोन भावाकडे दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले तेव्हा अंगण सारवून झालं होतं. शेजारच्या काकूनं भात-वरणाचं ताट पुढं केलं. मी जेवले. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती.

तुम्हीही गाव सोडून गेला असाल, तर मला वेड्यात काढणार नाही. मी बरोबर केलं, असं मला आजही वाटतं; पुन्हा वेळ आली तरी हेच सांगेन. पण बरोबर वागलं म्हणून आईच्या मनातली जखम भरून येत नाही, माझ्याही नाही.

रविवारी फोन करते. आई बोलते. धान किती झालं, गुडघा कसा आहे, सगळं सांगते. पूर्वी फोन ठेवताना हटकून विचारायची, "कधी येशीन?" आता विचारत नाही. सुट्टी मिळाली की मीच सांगते, अमक्या तारखेला येते.

"ये," ती म्हणते. "घर तुहंच आहे."

पाहुण्याला म्हणतात तसं.