सोमनाथकाकांचे दहा पॉइंट

सोमनाथ आजगावकर आमच्या कंपनीचे स्टोअरकीपर. अल कुसैसच्या गोदामात स्क्रूपासून सिमेंटपर्यंत सगळं त्यांच्या ताब्यात, आणि त्यातली एकही वस्तू पहिल्या मागणीला मिळायची नाही. "बघू," म्हणायचे. १९७८ साली दुबईत उतरले तेही "दोन वर्षं बघू" म्हणून. त्याची चोवीस झाली. काकू ठाण्यात, काका इथे. नवं हॉटेल उघडलं की पहिल्या दिवशी हे नुसता चहा घेणार आणि दुसऱ्यांच्या ताटांत डोकावत बसणार. मी ऑफिसातली सेक्रेटरी. मला त्यांचा राग यायचा. मायाही होती, पण राग आधी यायचा.

या बघण्याचं मूळ बावन्न साली मुंबईत भरलेल्या जागतिक टेबल टेनिस स्पर्धेत होतं. काका तेव्हा दहा वर्षांचे. मामाने हट्ट पुरवून नेलं होतं. तिथे एक जपानी खेळाडू जाड स्पंजाची बॅट घेऊन आला. इतरांच्या बॅटींचा टकटक आवाज व्हायचा, त्यावरून फटका ओळखता यायचा. याच्या बॅटीला आवाजच नाही! भलेभले गांगरले आणि हरले. छोट्या सोमनाथने ठरवून टाकलं, की ते घाईने हरले. आधी दहा पॉइंट समोरच्याला नीट पाहिलं असतं तर जिंकले असते.

झालं! तेव्हापासून काका पहिले दहा पॉइंट दान करत आले. चेंडू कसातरी परत ढकलायचा आणि समोरच्याचं मनगट न्याहाळायचं. मग खेळायला लागायचे ते सुरेख, पण तोवर वरातीमागून घोडं. एकोणीसवर जाऊन हरायचे. कंपनीच्या वार्षिक स्पर्धेत त्यांना दरवर्षी हरवणारे म्हणजे अलीमियाँ, आमचे दापोलीचे सुतार फोरमन. हॉलमधलं टेबलही त्यांनीच केलेलं.

२००२ साली काका साठीला आले. व्हिसा संपत आला, जायचं ठरलं. त्यांची एकच इच्छा उरली होती: एकदा अलीला हरवून विमानात बसायचं. तेवढ्यात नवा नियम आला. गेम एकवीसऐवजी अकराचा. नोटीस मीच लावली होती. काका तिच्यापुढे बराच वेळ उभे राहिले.

"अगं समिधा, अकरात बघायचं कधी आणि खेळायचं कधी?"

"काका, चोवीस वर्षं बघताय अलीचाचांना. अजून काय बघायचं राहिलंय?" मी फाडकन बोलून गेले.

शुक्रवारी दुपारी पहिलीच मॅच या दोघांची लागली. तीन गेमची. स्कोअर लिहायला मी. जित्याची खोड ती. पहिला गेम काका तीन-अकरा हरले. मला तर रडूच यायला लागलं. पाणी प्यायला ते माझ्या खुर्चीपाशी आले, आणि अर्धा ग्लास तसाच धरून थांबले.

"समिधा, तो जपानी कुठे कुणाला बघत होता गं? तो तर खेळत होता. मी पन्नास वर्षं हरणाऱ्यांकडेच बघत बसलो."

"मग आता जा ना! यल्ला!"

दुसऱ्या गेममध्ये पहिल्याच चेंडूवर काकांनी असा तडाखा मारला की अलीमियाँ बॅट खाली धरून बघतच राहिले. त्यांना सवय आरामात सुरुवात करायची. सावरेपर्यंत गेम गेला, अकरा-पाच. तिसऱ्यात मात्र दोघेही पेटले. दोघांचे शर्ट भिजले, हॉलमधले सगळे उभे राहिले. नऊ-नऊ. काका दहावर गेले. मग अलीमियाँचा चेंडू टेबलाच्या बाहेर पडला आणि मी स्कोअर लिहायचं सोडून किंचाळले.

अलीमियाँ टेबलाला वळसा घालून आले. मला वाटलं, हात मिळवतील. त्यांनी काकांचे दोन्ही खांदे धरले. डोळे भरलेले, पण हसत होते.

"सोमनाथ, कमाल करतोस यार! चोवीस वर्षांत आज पहिल्यांदा तू माझ्याशी खेळलास. इतकी वर्षं नुसता मला बघत होतास."

काका खाली बघत म्हणाले, "चुकलंच माझं, अली."

"पुढच्या जुम्याला परत?"

"पुढच्या जुम्याला माझं तिकीट आहे."

अलीमियाँनी खिशातून दुसरा चेंडू काढून काकांच्या हातात ठेवला. "आज तर आहेस ना? चल, सर्व्हिस तुझी."

पुढची मॅच असलेले दोघे बॅटी घेऊन ताटकळले होते. त्यांना मी कँटीनमध्ये चहाला पाठवून दिलं.