गळ्याखाली कोरा कागद

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची मावशी सरकारी यादीत मयत झाली होती. स्वतः ती आमच्या रेशन हक्क समितीच्या खोलीत बसून बशीत चहा ओतून पीत होती. रेशन बंद झालेलं. यादीत माणूस मारायला एक बटण पुरतं. जिवंत करायला दाखले लागतात, आणि मयत माणसाला दाखला मिळत नाही. हे सगळं मी पत्रकात लिहिलं. आम्ही ते नाशिकभर वाटलं, आणि लोकांनी न वाचता टाकलेली बरीच पत्रकं रस्त्यावरून परत गोळा केली.

म्हणून मी चित्र काढायचं ठरवलं. मोबाइलवर तिचा फोटो घेतला आणि त्यावरून चेहरा जलरंगात केला, चांगला हातभर मोठा. हुबेहूब काढण्यात मला रस नव्हता. कागद भिजवून गालावर निळा आणि वीटकरी एकमेकांत जाऊ दिले. सुरकुत्या कोरड्या ब्रशने ओढल्या. डोळे तेवढे नेमके काढले. गळ्याखाली रंग पाण्यात सोडून दिला. पातळ होत होत तो कागदातच नाहीसा झाला. मला ते फार जमल्यासारखं वाटलं.

पुरवठा कचेरीसमोरच्या धरण्याच्या पहिल्या दिवशी चित्र फळीवर लावून मांडवाच्या तोंडाशी ठेवलं. मावशी मागे बायकांत बसली होती. दुपारपर्यंत फळीपुढे झेंडूची फुलं जमली. रस्त्याने जाणारी एक बाई चप्पल काढून पाया पडून गेली. निवेदन घ्यायला आलेला साहेबही चित्रासमोर थांबला, हात जोडले आणि हळू आवाजात मला विचारलं, "कधी गेल्या?"

त्या मागेच बसल्यात, बोलावते, असं मी म्हणाले. त्याने निवेदन घेतलं आणि मागे न बघता निघून गेला.

मला राग आला साहेबाचा. मावशीला आला माझा. एवढा मोठा चेहरा करून लावतात तो गेलेल्या माणसाचा. आमच्या घरीही भिंतीवर आजोबा असेच आहेत, हार घातलेले. तरी ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"त्यांनी मारली ती मारली," मावशी म्हणाली, "तू वर फुलंबी वाहिली. मेलेल्याला पाय काढत नाय कोणी. मला पाय काढ."

मी दुसरा कागद घेतला, खाली चिकटपट्टीने जोडला आणि तिच्या पायांचा फोटो घ्यायला मोबाइल काढला.

"फोटो कशाला? मी उभी हाय ना."

ती ताडपत्रीवर उभी राहिली, मी खाली बसून काढत गेले. इथे रंग पाण्यात सोडायची सोय नव्हती. लुगडं, घोटे, भेगा, सगळं कागदाच्या कडेपर्यंत आणलं. वाळल्यावर तिने चित्रातल्या पायाशेजारी आपला पाय टेकवला आणि करंगळी चुकल्याचं सांगितलं. तिची वाकडी आहे. मी वाकडी केली. बाकीच्या बायकांनी मग आपापल्या करंगळ्या पुढे करून दाखवल्या आणि बराच वेळ हसत बसल्या.

दुसऱ्या दिवशी फुलं पडली नाहीत. साहेब आला तेव्हा मावशी चित्राला खेटून अनवाणी उभी होती. त्याने आधी चित्रातले पाय पाहिले, मग तिचे. चौकशी लावतो म्हणाला.

चौकशी अजून चालू आहे. हात मात्र या वेळी त्याने जोडले नाहीत.