गुणाजींचा मुठीएवढा पंप

आमच्या घरात एसी आला तो हौसेनं नाही. सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, पाठीला जखमा झाल्या. अर्धांगवायू होऊन ते दीड वर्षापासून अंथरुणावर होते. मी दिवसातून चार वेळा कूस बदलायची, पावडर लावायची, पण मुलुंडचा तो चिकट उकाडा. तासाभरात पाठ पुन्हा ओली. डॉक्टर म्हणाले, "औषधानं जखम भरेल, पण घामानं पुन्हा उघडेल. खोली थंड ठेवता आली तर बघा."

ह्यांच्या ऑफिसात तेव्हा जुने एसी काढून नवे बसवत होते. त्यातलं एक धूड आमच्याकडे आलं. सोसायटीतला पहिलाच एसी. आठ दिवस लोक अण्णांना भेटायला म्हणून येत आणि दोन मिनिटं त्या वाऱ्यासमोर उभे राहून जात. अण्णा मात्र पहिल्याच दुपारी कण्हल्याशिवाय झोपले. मी देवापुढे साखर ठेवली.

नवव्या दिवशी मालन वर आली.

मालन आमच्या अगदी खाली, तळमजल्यावर राहायची. तिच्या दारासमोर तिनं बांधून घेतलेलं तुळशीवृंदावन होतं. अख्ख्या इमारतीतल्या बायका पूजेसाठी तिथूनच तुळस न्यायच्या, मीसुद्धा. एसीच्या मागून जे पाणी ठिबकतं ते थेट त्या वृंदावनावर पडत होतं.

"उत्तरा, तुझा एसी माझ्या तुळशीवर थुंकतोय गं," मालन दारातूनच म्हणाली.

"अगं, ते हवेतलंच पाणी आहे. स्वच्छ असतं."

"हवा कुठली? आजाऱ्याच्या खोलीतलीच ना? अण्णांबद्दल मला काही नाही, माझ्या वडिलांच्या जागी आहेत. पण तूच सांग, तुझ्या देवावर असलं पाणी पडलेलं तुला चालेल?"

मला चाललं नसतं.

आधी बादली टांगून पाहिली. ती कधी भरायची ते स्वयंपाकाच्या गडबडीत कळायचंच नाही. बाहेरून खाली पाइप सोडावा तर सेक्रेटरी जयवंतराव म्हणाले, "दर्शनी भिंतीवर पाइप नाही. ठराव आहे." आणि दुसऱ्या दिवशी हातानं लिहिलेला कागद आला. आठ दिवसांत पाणी थांबलं नाही तर एसी काढावा लागेल. मी तो कागद घडी करून उशीखाली ठेवला. अण्णांची पाठ नुकती कुठे सुकायला लागली होती.

मग हे नाहूरहून गुणाजींना घेऊन आले.

गुणाजी उंच, किडकिडीत, पंचेचाळिशीचे. सायकलच्या मागे हत्यारांची पेटी बांधलेली आणि गळ्यात तुळशीची माळ. ती माळ बघूनच मला अर्धा धीर आला. मालवणकडचे होते. वीस वर्षं गिरणीत होते, आणि गिरणीतलं त्यांचं काम असं की मला ते ऐकून नवलच वाटलं. सूत कोरड्या हवेत तुटतं म्हणून गिरणीच्या हवेत पाण्याचे फवारे सोडून ती दमट ठेवायची असते. ते पंप आणि फवारे गुणाजींच्या ताब्यात होते. संप झाला, गिरणी गेली, आणि बहिणीच्या घरी नाहूरला येऊन ते फ्रिज दुरुस्त करायला लागले.

"थंय हवेत पाणी घालूचा काम," ते हसून म्हणाले, "हंय हवेतला पाणी काढूचा. देव पण गंमत करता वहिनी."

त्यांनी लगेच काही केलं नाही. आधी एसीखाली पातेलं धरून तासभर बसून राहिले. पाणी तांब्यानं मोजलं. दीड तांब्या. "जूनमध्ये याच्या दुप्पट धरा," म्हणाले. "हवा जितकी दमट तितकं पाणी जास्त. लोक मे महिना बघून पंप घेतात आणि जूनमध्ये रडतात."

अडचण अशी होती, की एसी खिडकीत आणि मोरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये दार. जमिनीवरून नळी नेली तर अण्णांना न्यायच्या-आणायच्या खुर्चीखाली ती चेपणार. म्हणजे पाणी दाराच्या चौकटीवर चढवून पलीकडे मोरीत सोडायचं. पाणी आपणहून वर चढत नाही, म्हणून पंप.

दोन दिवसांनी ते तीन पंप घेऊन आले आणि मला म्हणाले, "वहिनी, नळी धरा." मी स्टुलावर चढून नळीचं टोक चौकटीपाशी धरलं. खाली बादलीत त्यांनी पहिला पंप सोडला, कूलरचा. नळीतून करंगळीएवढी धार आली आणि तीही थांबत थांबत. "ह्याचा दम गेला," गुणाजी म्हणाले. दुसरा लेथ मशीनवरचा होता. पाणी असं उसळलं की माझं पातळ भिजलं, पण आवाज पिठाच्या गिरणीसारखा. अण्णांनी डोळे उघडले आणि वाकड्या तोंडानं जेवढं जमलं तेवढं म्हणाले, "दळण... आणलं का?" किती दिवसांनी ते थट्टा करत होते!

तिसरा मुठीएवढा. कुठल्याशा मोडीत निघालेल्या परदेशी यंत्रातला. धार बेताची, पण न थांबणारी, आणि आवाज भुंग्याइतका.

"हाच," मी म्हटलं.

"थांबा. ह्याचीही खोड आहे. फार वेळ चालवला तर तापतो. पण आपल्याला सारखा कुठे चालवायचाय? टाकी भरली की अर्धं मिनिट, मग विश्रांती." त्यांनी नळी गुंडाळायला घेतली. "पंप घेताना तीन गोष्टी बघायच्या वहिनी. पाणी किती, चढण किती आणि शेजारी झोपलेला माणूस कोण."

प्लास्टिकचा डबा कापून त्यांनी टाकी केली आणि खिडकीबाहेर एसीखाली लोखंडी अँगलवर ती बसवली. फोटोच्या रोलची रिकामी डबी मेणानं बंद करून तिचा तरंगता गोळा केला. पाणी वाढलं की डबी वर, बटण दाबलं जाऊन पंप सुरू. पाणी गेलं की डबी खाली, पंप बंद. पहिल्या दिवशी पंप थांबला की नळीतलं पाणी उलटं टाकीत यायचं आणि पंप पुन्हा सुरू व्हायचा. गुणाजींनी कपाळावर हात मारला, सायकल काढून परत गेले आणि पाणी मागे येऊ न देणारी छोटी झडप आणून बसवली. अर्थिंगची तार स्वतःच्या हातानं ओढून पाहिली. जाताना मला बजावलं, "दर पंधरा दिवसांनी टाकी पुसायची, बुळबुळीत थर धरतो. मग तांब्याभर पाणी ओतून बघायचं, पंप लागतो की नाही. आणि पाण्यात काही पडू द्यायचं नाही."

मी मान हलवली. ऐकलं सगळं. पण शेवटचं वाक्य मनावर घेतलं नाही.

पाणी थांबलं. गुणाजींच्या शब्दावर जयवंतरावही थांबले. मालनचा राग ओसरला. "ये गं तुळस न्यायला, आता तुझी वाट कोरडी आहे," ती खालून ओरडली. मला इतकं बरं वाटलं! पण मनात एक खुपत होतं. तिची तुळस माझ्या घरच्या पाण्यानं बाटली होती, आणि ते पाणी अजूनही तिच्या डोक्यावरच साठत होतं. आमच्याकडे पिण्याच्या पाण्यात, नैवेद्यावर, सगळ्यावर तुळशीचं पान ठेवायची पद्धत. पाणी त्यानं पवित्र राहतं, असं माझी आई सांगायची. म्हणून मी रोज पूजा झाली की खिडकीचं दुसरं दार उघडून टाकीचं झाकण सरकवायची आणि त्यात एक पान सोडायची. कुणाला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

जूनमध्ये निर्जला एकादशी आली. एकादशी-द्वादशीला तुळस तोडायची नाही. म्हणून मी दशमीलाच तीन दिवसांची पानं आणली आणि टाकीत सोडायची ती सगळी एकदमच टाकली, मंजिऱ्यांसकट.

एकादशीला सकाळी मालन वृंदावनापुढे निरांजन लावून बसली होती. वरून पाण्याची धार आली आणि निरांजन विझलं.

तिचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. "पाण्याचा थेंब तोंडात न घेण्याचा दिवस, आणि माझ्या डोक्यावर ह्यांची आंघोळ!" जयवंतराव बनियनवर वर आले. म्हणाले, "वहिनी, आता माझा इलाज नाही. मशीन आत्ताच बंद करा."

एसी बंद केला. दुपारपर्यंत अण्णांच्या पाठीखालची चादर ओली झाली होती. जी जखम सुकून गुलाबी झाली होती तिच्या कडेला पाणी दिसायला लागलं. मी पंख्यानं वारा घालत होते आणि मनात म्हणत होते, विठ्ठला, माझं काय चुकलं?

ह्यांनी नाहूरला गुणाजींच्या घराजवळच्या सायकलच्या दुकानात फोन केला होता, तिथून निरोप मिळून गुणाजी आले. मागोमाग जयवंतराव, आणि त्यांच्या मागे मालनही. गुणाजींनी स्विच बंद केला, टाकी आत घेतली, पंप उघडला. त्याच्या आतल्या फिरकीभोवती काळसर दोऱ्यांचा गुंता होता. त्यांनी तो बोटानं ओढला, वास घेतला आणि मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या हाताला तुळशीचा वास येत असणार असंच मला वाटलं.

गुणाजींनी मूठ मिटली.

"माझीच चूक," ते जयवंतरावांना म्हणाले. "तोंडाला जाळी लावायची राहिली. कचरा गेला. आता लावतो, पुन्हा होणार नाही."

"तुमच्या शब्दावरच तर मागच्या वेळी थांबलो होतो," जयवंतराव म्हणाले.

गळ्यातल्या माळेवर गुणाजींचा हात गेला होता. वीस वर्षं गिरणीतल्या पंपांची राखण केलेला माणूस, माझ्यासाठी खाली मान घालून उभा. मला ते सोसवेना.

"त्यांची चूक नाही," मी म्हटलं. "कचरा नव्हता तो. तुळस होती. मी टाकायची. रोज."

मग मालन पुढे आली. गुणाजींची मूठ तिनं स्वतः उघडून बघितली.

"काय गं, टाकीत तुळस? कशाला?"

"तुझ्या तुळशीवर ते पाणी पडलं होतं ना... निदान वर तरी शुद्ध राहू दे म्हणून."

"आणि तुळस कुठली? माझीच?"

"तुझीच."

मालन अंथरुणापाशी गेली. अण्णांच्या पाठीखालची ओली चादर तिनं हातानं चाचपली. मग पदरानं त्यांच्या मानेवरचा घाम टिपला आणि जयवंतरावांकडे वळली.

"अहो, पाणी तुळशीनंच अडवलं. आता मी तक्रार कुणाची करू, तिची?" आणि मग माझ्याकडे डोळे वटारून, "पान देवाला वाहायचं असतं बाई, मोटरीला नाही!"

गुणाजी आता हसले. स्वयंपाकघरातली माझी चहाची जुनी गाळणी मागून घेतली, तिची जाळी कापून पंपाच्या तोंडावर तारेनं घट्ट बांधली. शिवाय टाकीत आणखी एक डबी बसवली, पहिलीपेक्षा उंच. "आता पंप अडला तर ही वर येईल आणि एसीच बंद पडेल. पाणी खाली जाणारच नाही," म्हणाले. "ही पहिल्याच दिवशी लावायला हवी होती. ही चूक मात्र खरंच माझी."

तासाभरात भुंगा गुणगुणायला लागला. अण्णांनी डोळे मिटले.

त्यानंतर अण्णा आणखी दोन वर्षं होते, आणि त्यांच्या पाठीला पुन्हा जखम झाली नाही. दर पंधरवड्याला मी टाकी पुसायची आणि तांब्याभर पाणी ओतायची. मालन खाली वृंदावनापाशी उभी राहून वर बघत विचारायची, "लागला का गं?" आणि मी खिडकीतून म्हणायची, "लागला!" गुणाजी दर दिवाळीला येऊन एकदा पंप खोलून बघायचे. पैशाचं विचारलं तर म्हणायचे, "प्रसादाचा एक लाडू द्या." पुढे ते बहिणीबरोबर गावी गेले. पत्र एकच आलं, त्यात माझी खुशाली विचारण्याआधी पंपाची विचारली होती.

आता घरोघरी भिंतीवरचे एसी आहेत, त्यांच्या नळ्या कुठून कुठे जातात कुणी बघतही नाही. तो पंप मी टाकला नाही. माळ्यावरच्या डब्यात आहे, तोंडाला ती चहाच्या गाळणीची जाळी अजून बांधलेली. मध्ये एकदा काढून पाहिला. जाळीच्या तारेत एक मंजिरी अडकून राहिली होती, त्या एकादशीला टाकीत राहून गेलेली, वाळून काडीसारखी झालेली. मी ती काढली नाही. पुन्हा तशीच ठेवून दिली.