राजाचा हेका

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पुठ्ठ्याचा मुकुट. नातीच्या शाळेत ग्रीक लोकांचं नाटक होतं आणि ती राजा होणार होती. मुलाच्या पुंगोलमधल्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, माझ्या बायकोने सोनेरी कागद कापला, मी पुठ्ठा धरला.

"तुमच्या डोक्यावर घालून बघू का?" ही म्हणाली. "आत रिकामंच आहे, फाटायचा नाही."

नात गोष्ट सांगत होती. राजा कामाचा माणूस, प्रजेसाठी राबणारा. पण तोंडातून शब्द गेला की मागे घेत नाही. सगळे समजावतात, हा ऐकत नाही. शेवटी घरातली माणसं मरतात आणि तो एकटा उरतो.

"म्हणजे मेला दुष्टच की."

"नो आजी, तो बॅड नाही ला!" इथल्या पोरांसारखा शेवटी 'ला' लावत नात म्हणाली. "फक्त प्राउड आहे. टीचर म्हणते, त्याच्यासाठी रडायला आलं पाहिजे."

"त्याच्यासाठी कशाला?" मी म्हणालो. "मेले ते दुसरेच ना?"

हिने कात्री खाली ठेवली. मला कळलं, हिच्या मनात कोण आलं ते.

आमची लेक सेम्बावांगला राहते. एका बसचा रस्ता. तिने शिपयार्डमधल्या तमिळ वेल्डरशी लग्न केलं, तेव्हा मुलगा म्हणाला होता, "ती माझ्या घरात पाय ठेवणार नाही." मुलगा मोठा मॅनेजर. आम्हाला गावाहून इथे परदेशात आणलं, औषधपाणी केलं, कशाला कमी केलं नाही. म्हणूनच त्याच्यापुढे कोणी तोंड उघडायचं नाही. मी म्हणायचो, चल, आपणच जाऊन येऊ. ही म्हणायची, "चोरून नाही जायची. त्याने बोलवलं पाहिजे तिला." वाट बघत बसली.

मुकुट झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे हिच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं. लेकीला मी फोन केला. स्मशानात ती लांब उभी राहून गेली. मुलाने मान फिरवली.

दहाव्याला समुद्रकाठी पिंड ठेवला. भटजी म्हणजे एरवी बँकेत कॉम्प्युटरवर बसणारा माणूस. कावळा आला, कठड्यावर बसला, पिंडाकडे बघेना. कावळा शिवत नाही म्हणजे जिवाची काही इच्छा राहिली. ती पुरी करतो, असं मुलाने तोंडाने म्हणायचं, ही आपली रीत.

"बोला साहेब," भटजी म्हणाले. "आईंचं काही राहिलं होतं का?"

"काही नाही."

माझं डोकंच फिरलं. "काही नाही? बहिणीला घरी आणतो म्हण! एवढंच म्हण!"

"बाबा, लोकांसमोर तमाशा नको."

"तमाशा तू मांडलास रे! मेल्यावरसुद्धा आईला ताटकळत ठेवलंस!"

तो हेका सोडेना. ऊन चढलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. झालं म्हणे.

घरी येऊन मुलगा बाथरूममध्ये नळ सोडून रडला. सगळ्यांना ऐकू आलं. सून म्हणाली, "बाबा, त्यांना जवळ घ्या हो. किती एकटे पडलेत."

नाही घेतलं. शहाणा, कमावता, आईवर जीव टाकणारा, सगळं खरं. त्या एका हेक्याने सगळ्याची माती केली. शाळेत अशा राजासाठी लोक रडत असतील. माझ्याकडून एक टिपूस मिळायचं नाही.

सकाळी तो चहा पीत होता. मी त्याच्यासमोर पिशवीत कपडे भरले, हिची दोन पातळं वर ठेवली.

"कुठे निघालात?"

"सेम्बावांगला."

"परत कधी?"

"तू तिला न्यायला येशील तेव्हा," म्हणालो आणि चपला घातल्या.