सुपात पडलेला मोहर

निपाणीत आमचं घर बांधून झालं तेव्हा अंगणात एकाच झाडापुरती जागा उरली. बदाम लावायचा की कडुलिंब, यावरून आई आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, आठवडाभर भांडले.

आई बिड्या वळायची. घरात अंधार, बाहेर ऊन. बिडीची भिजवलेली पानं उन्हात वाळतात, वळताना फाटतात. तिला उजेडातली सावली पाहिजे होती. "बदाम लावा," ती म्हणाली. "झटक्यात वाढतोय. पान पडलं तर ताटाएवढं, उचलून टाकता येतंय. लिंबाचा कचरा सुपातल्या तंबाखूत पडला तर निवडायचा कुणी?"

आप्पांचं एकच पालुपद. तंबाखूच्या धुळीनं तिची छाती भरलेली, सारखी खोकायची. "लिंबाची हवा म्हंजे औषध गं. तुझ्यासाठीच लावतोय न्हवं?" झालं, लिंब लागला.

झाड लई देखणं वाढलं. आईनं कौतुकानं त्याखाली सूप मांडलं. पण माघात पिवळी पानं, चैत्रात मोहर, पुढं लिंबोळ्या. तो बारीक मोहर तंबाखूत असा मिसळायचा की निवडता निवडता डोळे फुटायची वेळ. कचरा निघाला म्हणून कारखान्यातनं बिड्या छाटून परत आल्या. आईनं मुकाट्यानं सूप उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. वाऱ्यानं तंबाखू उडते म्हणून खिडकीही बंद. बघा की, जिच्या छातीसाठी झाड लावलं तीच धुळीत कोंडली गेली! बाहेर सावलीत आप्पा खाट टाकून शेजाऱ्यांशी गप्पा हाणायचे, आतनं खोकला ऐकू यायचा. त्यांना वाटायचं, हिला घरातच बसायला आवडतं. माझं डोकं फिरायचं.

"आई, तोडून टाकूया ते झाड. मी सांगते आप्पांना."

"गप गं. माझ्यासाठी लावलंय त्यांनी. काय बोलायचं न्हाय."

गेल्या थंडीत आई गेली. खोकल्यानंच गेली.

यंदा चैत्रात आप्पांनी तिचं सूप धुतलं आणि वाळायला लिंबाखाली ठेवलं. संध्याकाळी उचलायला गेले ते तिथंच खाली बसले. सूप मोहरानं पांढरं झालं होतं. त्यांनी बोटांनी मोहर बाजूला सारला, तोवर वरनं आणखी पडला.

"एवढा पडतोय व्हय गं?" ते म्हणाले. "मला बोलली का न्हाय ती?"

"बोलली होती की आप्पा. रोप आणायच्या आधीच."