सदूचा उजवा पाय

बेलवलीच्या त्या छोट्या प्रार्थनाघरात गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी बारा जणांचे उजवे पाय धुतले जातात. प्रभूने शिष्यांचे धुतले, म्हणून. पण इथल्या लोकांची गंमत अशी, की धुवून घ्यायचे पाय ते आधी घरीच घासून, नखं कापून, पावडर लावून आणतात. चारचौघांत मळके पाय कसे दाखवायचे? त्यामुळे बाराच्या बारा उजवे पाय धुऊन झाले तरी परातीतलं पाणी जसंच्या तसं राहतं.

यंदा उपासना चालवणाऱ्या पाळकांचे गुडघे धरले होते, म्हणून पाय धुण्याचा मान हेमंत साळव्यांना मिळाला. हेमंतराव मंडळीचे पंच, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, आनंदनगरच्या एका केमिकल कंपनीत सुपरवायझर. कमरेला टॉवेल गुंडाळताना त्यांना मनातून बरं वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. बायको रोहिणी पुढच्या रांगेत फोटोसाठी मोबाइल धरून बसली होती.

अकरा पाय झाले. बारावा माणूस आलाच नाही.

"सदू, तू ये रे, बस," पाळक म्हणाले.

सदू बादली घेऊन दारात उभा होता. बारवीकडच्या पाड्यावरचा माणूस. तीन वर्षं तो प्रार्थनाघर झाडायचा, बाकं पुसायचा, संडासही धुवायचा. बाप्तिस्मा अजून झाला नव्हता. चालताना उजवा पाय ओढायचा. का, ते मंडळीत एकट्या हेमंतरावांना ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी सदू त्यांच्याच हाताखाली कंत्राटी हेल्पर होता. पाइप रिकामा झालाय की नाही हे न बघताच हेमंतरावांनी परवानगीच्या कागदावर सही ठोकली, आणि त्या सहीच्या भरवशावर सदूने पाइप खोलला. ॲसिड थेट बुटात गेलं. चौकशी लागली तेव्हा सदू पायाला बँडेज बांधून मोठ्या साहेबांसमोर उभा राहिला. "सायबांनी नको सांगितलं व्हतं. मीच खोलला."

बाहेर आल्यावर हेमंतरावांनी विचारलं, "असं का केलंस?"

"तुमची पोर इंजिनेरिंगला चालली ना. माझ्या मागं कोन हाय?"

सदूची नोकरी गेली. हेमंतरावांनी त्याला इथे झाडूकामाला लावलं, आणि वर मनाचा मोठेपणा म्हणून मंडळीकडून शाबासकी घेतली. दर रविवारी तो पाय समोरून जायचा, आणि हे गीतांच्या पुस्तकात डोकं घालायचे.

आता सदू बाकावर बसला. त्याने डावा पाय पुढे केला, धुळीने माखलेला, टाचेला भेगा पडलेला. उजवा बाकाखाली सारला.

"उजवा, सदू, उजवा," पाळक म्हणाले.

"डावाच बरा हाय." मग हेमंतरावांकडे वाकून तो हळूच बोलला, "धुवा पटकन. कोनी इचारनार नाय."

हेमंतराव जागीच गार झाले. अजूनही हा माणूस त्यांनाच झाकत होता! डावा धुतला असता तर सगळं निभावलं असतं, फोटोही छान आला असता. लाजेने त्यांचे कान तापले. त्यांनी बाकाखाली हात घातला आणि उजवा पाय ओढून परातीत घेतला. तोही धुळीने माखलेला, कातडी आक्रसलेली, दोन बोटं एकमेकांना चिकटलेली.

"हा पाय माझ्यामुळे जळला," ते म्हणाले. आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाले. "चूक माझी होती. याने स्वतःवर घेतली, आणि मी घेऊ दिली."

रोहिणीने मोबाइल खाली ठेवला. परातीतलं पाणी पहिल्यांदाच गढूळ झालं होतं.

सदूचे डोळे भरून आले, आणि त्यात थोडा रागही होता. "बोल्लात कशाला, सायेब? मी काय परत मागितलं व्हतं?"

हेमंतरावांना मान वर करवेना, डोळ्यांतलं पाणी परातीत पडत होतं. सदू बाकावरून उतरून त्यांच्यासमोर बसला. त्यांच्या कमरेचा टॉवेल सोडून त्याने आधी त्यांचं तोंड पुसलं. मग त्यांचा पाय धुवायला जवळ ओढून नवाकोरा मोजा काढायला लागला.