म्हैसचोराचा जामीन

माझ्या नवऱ्याला म्हैस चोरल्याबद्दल अटक झाली, तेव्हा आम्हाला निगडीला राहायला येऊन वर्षही झालं नव्हतं. म्हैस तर सोडाच, या माणसाने कधी बसचं तिकीट बुडवलं नव्हतं. कंपनीत ते क्वालिटी खात्यात इन्स्पेक्टर होते आणि घरातसुद्धा इन्स्पेक्टरच होते. पोळी गोल नसेल तर खायचे, पण सांगून खायचे.

इमारतीच्या मागे त्यांनी हौसेने वांगी-टोमॅटो लावले होते. रोज संध्याकाळी एक म्हैस यायची, वाफे तुडवायची आणि मधोमध बैठक मारायची. कुणाची म्हैस, कुणालाच ठाऊक नव्हतं. एका शुक्रवारी यांचं डोकं फिरलं. कपडे वाळत घालायची दोरी सोडून त्यांनी ती म्हशीच्या गळ्यात बांधली आणि तिला गावठाणातल्या कोंडवाड्याकडे घेऊन गेले. कोंडवाड्याला कुलूप होतं. म्हैस परत आली आणि आमच्या जिन्याच्या कठड्याला बांधली गेली. सकाळी नेऊ, म्हणाले.

इथवर ठीक होतं. पण कंपनीत ज्या मालाचा निर्णय व्हायचा असतो, त्याला पिवळं लेबल लावतात. त्यावर 'होल्ड' लिहायचं, तारीख घालायची, सही करायची. हातून कुठलीही गोष्ट अर्धवट राहिली की लेबल लावायची यांना सवय. त्यांनी खिशातलं लेबल काढलं, रीतसर भरलं आणि म्हशीच्या शिंगाला बांधलं.

तासाभरात हवालदार म्हशीच्या मालकाला घेऊन आला. मालकाने फिर्याद दिली होती की कुणी पँटवाल्याने म्हैस नेली. हवालदाराने लेबल वाचलं आणि मान डोलावली.

"खूण बदलून विकायचा डाव होता."

"अहो, चोर कधी सही करतो का?" मी विचारलं.

"शिकलेला असला तर करतो, बाई," तो म्हणाला आणि दोघांना घेऊन गेला. नवरा पुढे, म्हैस मागे. सगळी इमारत गॅलरीत उभी होती.

यांचं प्रोबेशन सोमवारी संपत होतं. सोमवारी पहिल्या पाळीला हजर असतील तर नोकरी कायम, नाहीतर नोकरी गेली आणि तिच्या पाठोपाठ घरही. मला सातवा महिना होता. मी फार घाबरले होते, आणि घाबरले की मी चिडते.

शेजारच्या भाऊजींना म्हटलं, जामीन राहाल का? ते म्हणाले, "वहिनी, मी पतपेढीत आधीच दोघांना जामीन आहे. तिसरा नियमात बसत नाही." खालच्या मजल्यावरच्यांनीही हेच सांगितलं. पतपेढी वेगळी आणि फौजदारी वेगळी, हे मी तरी त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार? मलाही नीट माहीत नव्हतं. आमच्या ओळखीत कुणाला कधी अटकच झाली नव्हती.

शनिवारी सकाळीच मी चिंचवडच्या गावठाणात एका वकिलांची पाटी शोधून काढली. ओट्यावर धोतरवाल्यांची रांग होती. वकीलसाहेबांनी वर न बघताच विचारलं, "गट नंबर?"

"गट नंबर नाही, म्हैस," मी म्हटलं.

या भागात तेव्हा सगळ्या वकिलांकडे भूसंपादनाचीच कामं होती. कारखान्यांसाठी, वसाहतींसाठी शेतं गेली होती आणि वाढीव मोबदल्याचे दावे चालू होते. साहेबांनी फौजदारीचं पुस्तक कपाटावरून काढून फुंकर मारली आणि ते माझ्यासमोरच वाचू लागले. मला रडू येत होतं. पण वाचल्यावर त्यांनी सांगितलं ते मात्र स्वच्छ सांगितलं.

"किरकोळ गुन्ह्यात चौकीवरच जामीन मिळतो. चोरीत नाही, त्याला मॅजिस्ट्रेट लागतो. आज यांना पुण्याच्या कोर्टात उभं करतील. जामीन म्हणजे सुटका नव्हे, बाई. कुणीतरी पुढे येऊन सांगायचं की हा माणूस तारखेला हजर होईल, नाहीतर माझी मिळकत धरा. तो कुणीतरी इथला पाहिजे."

"आमच्या इमारतीत सगळे नगरचे, साताऱ्याचे, नागपूरचे."

"मग त्यांच्यातल्या कुणाच्या पगाराचा दाखला चालेल."

"तो यांच्याच कंपनीतून आणायचा, म्हणजे कंपनीला सांगायचं की क्वालिटीचा इन्स्पेक्टर म्हैसचोर आहे."

साहेबांनी पुस्तकाचं पान उलटलं. "मग सातबारावाला बघा. आजच. दुपारनंतर उद्यावर जाईल, आणि उद्या रविवार."

तेवढ्यात रांगेतला एक म्हातारा पुढे सरकला. त्याला मी ओळखलं. आदल्या संध्याकाळी हवालदाराबरोबर जिन्यात उभा असलेला फिर्यादी होता तो. वाढीव मोबदल्याचा त्याचा दावाही याच वकिलांकडे होता.

"साहेब, माझी म्हस सोडवा," तो म्हणाला. "चवकीत बांधून घातलीया. मुद्देमाल हाय म्हनत्यात."

मुद्देमालाला दूध येत होतं. म्हातारा सकाळी चौकीत जाऊन धार काढून आला होता आणि हवालदाराने त्यातलं निम्मं चहाला ठेवून घेतलं होतं. त्यातला एक कप कोठडीत यांनाही मिळाला, हे मला नंतर कळलं. चहा चांगला होता, हेही त्यांनी सांगितलं.

"हवालदार म्हनला, ह्या बाईचा मानूस सुटंस्तोवर म्हस सुटायची न्हाई," म्हातारा म्हणाला.

हे धादांत खोटं होतं. म्हशीसाठी वेगळा अर्ज असतो. वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं आणि ते मिटून ठेवलं. मग हळूच म्हणाले, "बाबा, सातबारा आहे ना जवळ?"

"हाय की. ऱ्हायलेल्या अकरा गुंठ्यांचा."

तिघे मिळून बसने पुण्याला गेलो. मी रागाने म्हाताऱ्याशी बोलत नव्हते. त्याने मात्र मला खिडकीजवळची जागा दिली आणि गर्दीत रेटत आलेल्या एका बाप्याला "पोटुशी बाई हाय, रेटू नगं" म्हणून दटावलं.

कोर्टात हे पिंजऱ्यात मान खाली घालून उभे होते. शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली होती. मॅजिस्ट्रेटनी कागद पाहिले, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"फिर्यादी आणि जामीनदार एकच?"

"तसं दिसतंय, साहेब," वकील म्हणाले. कायद्यात याला मनाई आहे का, हे त्यांनाही ठाऊक नसावं. सरकारी वकिलांनाही नव्हतं. दोघेही पुस्तकं चाळू लागले.

मॅजिस्ट्रेट म्हाताऱ्याकडे वळले. "याने तुमची म्हैस चोरली, असं तुमचं म्हणणं. आणि त्यालाच तुम्ही जामीन राहता. उद्या हा पळून गेला तर हे अकरा गुंठेही जातील. कळतंय ना?"

"पळून कुटं जातोय साहेब," म्हातारा म्हणाला. "माझ्याच शेतात ऱ्हातोय न्हवं का. दुसऱ्या मजल्यावर."

कोर्टात खसखस पिकली. मॅजिस्ट्रेटही हसू दाबत म्हणाले, "मग ती म्हैस तिथे रोज कशाला जाते?"

"गोठा थितंच व्हता तिचा. नोटीस मला आली व्हती साहेब. म्हशीला न्हाई."

आता कुणी हसलं नाही. यांनी मान वर केली आणि सकाळपासून पहिल्यांदाच समोर पाहिलं, ते माझ्याकडे नाही, म्हाताऱ्याकडे. मॅजिस्ट्रेटनी जामिनाच्या कागदावर सही केली. म्हाताऱ्याने अंगठा उठवला, कारकुनाने शिक्का मारला, आणि दिवेलागणीच्या आत आम्ही परतीच्या बसमध्ये होतो.

हे म्हाताऱ्याशेजारी बसले. विहीर कुठे होती, असं त्यांनी विचारलं. तुमच्या पाण्याच्या टाकीखाली, असं तो म्हणाला. मग निगडी येईपर्यंत दोघे शेताचे बांध कुठून कुठे होते ते बोलत राहिले. मी खिडकीकडे तोंड करून रडले. सुटल्याच्या आनंदाने रडतेय असं त्यांना वाटलं, आणि निम्मं ते खरंही होतं.

सोमवारी सकाळी सातला हे कंपनीच्या गेटात शिरले आणि दुपारी कायम झाले. ती नोकरी एका म्हाताऱ्याच्या अकरा गुंठ्यांवर उभी होती, हे कंपनीला कधी कळलं नाही.